घासाघिशीतला धर्म

१९१६ साली काशीत एका वीस वर्षांच्या तरुणाला खोलीसाठी कुलूप हवे होते. दुकानदाराने भाव सांगितला तो कुलपाच्या खऱ्या किमतीच्या कितीतरी वर. तरुणाने घासाघीस केली नाही. कुलूप एवढ्याचे नाही, पण तुम्ही एवढे मागता तर तुमच्यावर विश्वास ठेवून तेवढे देतो, असे सांगून त्याने पैसे मोजले. त्याच रस्त्याने त्याचे रोजचे जाणे-येणे होते. काही दिवसांनी दुकानदारानेच त्याला हाक मारली, जास्त घेतल्याचे कबूल केले आणि वरचे पैसे परत दिले. तो तरुण म्हणजे विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे बुद्रुक, तालुका पेण. पुढे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले.

त्याच गागोद्यातला कुणी गृहस्थ आज जुनी गाडी घ्यायला पेणला किंवा पनवेलला निघाला, तर विनोबांची ही रीत त्याला चालेल का? प्रश्न थट्टेचा नाही. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, रिक्षावाल्याच्या घरात जागेनंतरचा सगळ्यात मोठा सौदा बहुधा गाडीचाच असतो. त्यासाठी कर्ज काढले जाते, सोने गहाण पडते. आणि एरवी खोटे न बोलणारी माणसे अर्ध्या तासात जितके खोटे या सौद्यात बोलतात, तितके क्वचितच कुठे बोलत असतील.

महामार्गालगत पत्र्याची शेड, समोर धुऊनपुसून लावलेल्या पाच-पंचवीस गाड्या, बहुतेकींवर एमएच-०६ किंवा एमएच-४६ ची पाटी. गृहस्थाचे लक्ष एका मारुती ईकोवर आहे. शेठ चहा सांगतात. ‘सिंगल ओनर आहे दादा, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चाललीय.’ भाव तीन चाळीस. गृहस्थ मान हलवतो. ‘शेठ, माझ्या मेव्हण्याला अशीच गाडी अडीचला मिळाली.’ मेव्हण्याकडे गाडी नाही. ‘सकाळीच एक पार्टी टोकन द्यायला बसली होती, मीच थांबवलं,’ शेठ म्हणतात. पार्टी आलेली नाही. ‘रंग उडालाय, टायर गेलेत, घरच्यांना तर पसंतच नाही.’ घरच्यांनी मोबाइलवर फोटो पाहून कालच पसंती कळवली आहे. ‘फायनल बोला शेठ.’ ‘तुम्ही तुमचं बजेट सांगा.’ असे करत दोघे तीन दहावर येतात, हात मिळवतात आणि दोघांनाही आपण जिंकल्यासारखे वाटते.

यातले किती धर्माला चालणारे आहे?

दोघांनी एकमेकांपासून ज्या गोष्टी लपवल्या, त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. गृहस्थाने आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगितले नाही. शेठनी गाडी आपल्याला कितीला पडली ते सांगितले नाही. यात पाप मानायचे कारण नाही. आपल्या खिशाची आणि आपल्या मनाची मर्यादा ज्याची त्याच्याकडे असते, ती दुसऱ्याला उघडून दाखवण्याचे कर्तव्य कुणावर नाही. भाव ही वस्तूच्या अंगावर लिहिलेली गोष्ट नसते. दोन इच्छा जिथे येऊन थांबतात तिथे तो ठरतो, आणि तिथवर पोचायला थोडी ओढाताण लागतेच. पण मेव्हण्याची गाडी आणि सकाळची पार्टी ही ओढाताण नव्हे. ती घडलेल्या गोष्टींबद्दलची खोटी साक्ष आहे. आणि चॅसिसला वेल्डिंग झाले असताना त्याबद्दल गप्प बसणे ही आणखी तिसरीच गोष्ट.

आता कुलपाकडे पाहिले तर दिसते की विनोबांच्या त्या वागण्यात दोन वेगळी कृत्ये होती. एक, मागितले तेवढे पैसे देणे. दोन, कुलूप एवढ्याचे नाही हे तोंडावर सांगणे. पहिले कृत्य घर सोडून निघालेल्या ब्रह्मचाऱ्याला शोभणारे आहे. त्याच्यामागे ना बायको, ना मुले, ना पतपेढीचा हप्ता. दोन मुलांची फी भरायची असलेल्या माणसाने विश्वासापोटी तीस हजार जास्त मोजले, तर तो घरच्यांचा वाटा परस्पर दान करतो आहे. गृहस्थाने घासाघीस करावी, कसून करावी. तो त्याचा स्वधर्मच आहे. दुसरे कृत्य मात्र संन्याशापुरते नाही. ‘ही गाडी मला तीनच्या वर परवडत नाही’ असे म्हणायला कुणाची हरकत नाही, ते खरे असेल तर. चांगल्या गाडीला भंगार म्हणायची मुभा मात्र गृहस्थाश्रम कुणाला देत नाही. त्या दुकानदारावर परिणाम झाला तो मिळालेल्या जादा पैशांचा नसावा. समोरच्याने लबाडी ओळखली, बोलून दाखवली आणि तरी तुच्छता दाखवली नाही, याचा तो असावा.

काशीचाच आणखी एक दुकानदार आपल्या परंपरेत फार मोठा मानला गेला आहे. शांतिपर्वातली कथा अशी: जाजली नावाच्या तपस्व्याने इतके निश्चल तप केले की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. आपल्यासारखा धर्मात्मा नाही असे त्याला वाटू लागले, तेव्हा आकाशवाणी झाली की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली शोधत गेला तर तुलाधार दुकानात बसून सुगंधी पदार्थ, औषधी, रस असला माल विकत होता. दारू मात्र विकत नव्हता. त्याने जाजलीला सांगितलेल्या धर्माचा गाभा एवढाच की माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे आणि मी कपट करून घेत-देत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत सेना न्हावी आणि गोरा कुंभार यांच्या जोडीने हा तुलाधारही येतो. विनोबांचे म्हणणे असे की दुकानात लहान-मोठा, गरीब-श्रीमंत कुणीही येवो, तराजूची दांडी सरळ ठेवायची या रोजच्या कामातून तुलाधाराचे मनही सरळ झाले. धंदा बाजूला ठेवून त्याला धर्म करावा लागला नाही.

जुन्या गाडीच्या सौद्याची खरी अडचण इथे उभी राहते. वजनाला तराजू असतो, घासाघिशीला नसतो. शेठ गिऱ्हाईक गाडीतून उतरते तेव्हाच त्याच्या चपला पाहतात, हातातला मोबाइल पाहतात, सोबत कोण आहे ते पाहतात, आणि पहिला भाव त्यावरून निघतो. अमेरिकेत इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या अभ्यासकांनी शिकागो परिसरातल्या नव्या गाड्यांच्या विक्रेत्यांकडे माणसे पाठवली. सगळ्यांना एकच पद्धत, एकच बोलणे पढवलेले. तरी गोऱ्या पुरुषांना जो भाव मिळाला त्याहून काळ्या पुरुषांना आणि स्त्रियांना जास्त सांगितला गेला. हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. नव्या गाडीत ही गत, जिची किंमत कारखान्याने ठरवलेली असते. जुन्या गाडीला तर तेवढाही आधार नाही. एकट्याने गाडी पाहायला आलेल्या बाईला, वाडीवरून आलेल्या कातकरी तरुणाला आणि पांढऱ्या शर्टातल्या ठेकेदाराला त्याच ईकोचा एकच आकडा ऐकू येईल, असे कोण छातीठोक सांगेल?

यावर एक उत्तर सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाने दिले. जास्त मागायचे, मग उतरायचे, यात आपण मनात नसलेले बोलतो, म्हणजे खोटे बोलतो, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांच्या दुकानात लहान मुलाला पाठवले तरी तोच भाव मिळे. ‘एकच भाव’ ही आपल्याकडच्या दुकानांतली पाटी त्याच जातीची, आणि मोबाइलवरून जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांची ठरलेली किंमतही. पेणच्या कारखान्यात गणपती ठरवतानाही घासाघीस न करणारी घरे आहेत. तिथे देवाचे मोल पाडायचे नाही ही भावना. पण ठरलेल्या भावाने निम्माच प्रश्न सुटतो. सगळ्यांना सारखा भाव सांगून सगळ्यांपासून सारखेच दोष लपवता येतात.

दोषाबद्दल बोलायचे तर एका जुन्या घोड्याकडे जावे लागते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि समजावण्यासाठी उदाहरणे दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढचे उदाहरण: घोडा घेणारी त्या माणसाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता नात्यामुळेच घोड्याची खोड तिला सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. तिसरे उदाहरण: घेणारा म्हणतो की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो. विकणारा गप्प. हे गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते.

दीडशे वर्षांपूर्वीची ही तीन उदाहरणे त्या शेडमध्ये आजही जशीच्या तशी लागू पडतात. तिसरे तर प्रत्येकाने पाठ करावे इतके कामाचे आहे. ‘शेठ, गाडी ठोकलेली नाही, पाण्यात गेलेली नाही, मीटर फिरवलेला नाही असं धरून चालतो, तसं नसेल तर आत्ताच सांगा’ एवढे वाक्य, शक्य तर व्हॉट्सॲपवर लिहून, पाठवले की शेठच्या मौनाचा अर्थ बदलतो. मात्र त्याच कायद्याचे कलम १९ घेणाऱ्यालाही बजावते: साध्या दक्षतेने जे कळले असते ते पाहिले नाही, तर नुसत्या मौनाचे निमित्त करून करार मोडता येत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याने धंदा म्हणून विकणाऱ्यावर माल विकण्याजोगा असण्याची जबाबदारी टाकली आहे, पण घेणाऱ्याने तपासताना जो दोष दिसायला हवा होता तो त्यातून वगळला आहे.

धर्मविचाराच्या दृष्टीने विलक्षण आहे ते दुसरे उदाहरण. कायदा लिहिणाऱ्यांना सत्य सांगायचे कर्तव्य माहीत होते. ते त्यांनी मुलीपर्यंत आणून थांबवले. परक्याने आपले आपण पाहून घ्यावे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ही रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली होती. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेल्या मालाची पारख करायला मुदती दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, दुभत्याला तीन. म्हणजे परक्याकडून बैल घेतला तरी पाच दिवस जुंपून पाहायला मिळत. याच श्लोकात दास-दासींच्या पारखीच्याही मुदती आहेत, त्यामुळे तो डोळे मिटून डोक्यावर घ्यावा असा नाही. पण जे दिसत नाही ते वापरल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर सौदा पुरा होत नाही, ही समज पक्की आहे. आज शेडमधून गाडी बाहेर पडली की ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांत सगळे मिटते. पाच दिवस तर सोडाच, चढावर चालवून पाहायलाही काही ठिकाणी नाखुशी असते.

इस्लामी परंपरेत याच विषयावर एक प्रसिद्ध हदीस आहे. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा त्यांचा सवाल होता. पावसाचा दोष विक्रेत्यावर नव्हता. ओल खाली घालण्याचा होता.

रायगडात हा सवाल शब्दशः लागू पडतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले, तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. दारात, गॅरेजात, शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधी २६ जुलै २००५ चा महापूर होताच. अशी गाडी धुऊन, सीटची कव्हरे बदलून, आत सुगंधी डबी लावून उभी केली की वरून काही कळत नाही. जाणता मेकॅनिक पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढतो. रोजच्या वापरात जो भाग गुंडाळीतच राहतो त्यावर गढूळ पाण्याची रेघ उमटलेली असते, कारण कव्हर बदलणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. मग तो सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज बघतो, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवतो. तिथे वाळलेला बारीक गाळ बोटाला लागतो. काचांच्या कोपऱ्यातले आकडे वाचतो. एका दाराची काच बाकीच्यांहून नवी निघाली तर त्या बाजूने कधीतरी मार बसलेला असण्याचा संभव. मीटर साठ हजार दाखवतो आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते, तेव्हा खरे कोण बोलतेय हे सांगावे लागत नाही. पुरात बुडालेली गाडी विकणे हा अधर्म नाही. कमी भावाला, सांगून, ती घेणारे लोक आहेत. ओल खाली घालणे हा अधर्म आहे. तो अधर्म पुढे ऐन घाटात वायरिंग बंद पाडतो.

या मौनाची झळ एका गिऱ्हाइकापुरती राहत नाही, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन मांडले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. चांगली कोणती, खराब कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. चांगली गाडी जपणाऱ्याला तो परवडत नाही, तो विकायचेच टाळतो. बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो. म्हणजे ज्याने वेळेवर ऑइल बदलले, सर्व्हिसिंगची बिले जपून ठेवली, तो प्रामाणिक मालक दुसऱ्या कुणाच्या तरी मौनापायी मार खातो. पाप-पुण्याचा हिशेब बाजूला ठेवून निव्वळ गणिताने हा माणूस या निष्कर्षाला आला. तुलाधाराला पटला असता.

मग परक्याला घोडा घेणाऱ्या त्या मुलीच्या जागी बसवायचे कसे? विनोबांनी आयुष्यभर केले ते हेच, आणि तेही तितक्याच व्यवहारी विषयात. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत जमीनदार रामचंद्र रेड्डींनी भूमिहीनांसाठी शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झाले. त्यानंतर गावोगाव जमीन मागताना विनोबा भिक्षेची भाषा वापरत नव्हते. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते म्हणत. परका माणूस जमीनदाराच्या घरात मुलगा होऊन शिरला की देणे न देणे हा प्रश्न वेगळा होतो. गागोद्याच्या घरात आईने लावलेली सवय यामागे असणार: फणस पिकला की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी गरे पोचायचे, मग घरच्या मुलांनी खायचे. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही लपवायचे कारण नाही. नाते जोडले की माणूस खरे बोलेलच असा भरवसा विनोबांनाही मिळाला नाही. काशीच्या दुकानदाराला निदान रोज त्या तरुणाचे तोंड बघावे लागत होते. पनवेलच्या शेठना गागोद्याचे गिऱ्हाईक पुन्हा दिसण्याची शक्यता कमी. जिथे रोजचे तोंड बघणे उरत नाही तिथे कागद लागतो, आणि लेखी विचारणे म्हणजे समोरच्याचा अपमान, हा आपल्याकडचा संकोच सोडायला हवा.

चार-पाच वर्षांनी हाच गृहस्थ तीच ईको विकायला काढतो. आता खोड त्याला ठाऊक आहे. तिसरा गिअर कधीकधी सुटतो, पावसात डावीकडचा ब्रेक ओढतो. एजंट विचारतो, ‘काही काम आहे का गाडीत?’ बहुतेक ठिकाणी उत्तर येते, ‘काही नाही, बसा आणि चालवा.’ एजंट आपल्याहून हुशार आहे, त्याचे तो बघून घेईल, ही त्यामागची समजूत. पण गाडी एजंटाकडे राहणार नसते. ब्रेक ओढेल तेव्हा स्टिअरिंगवर कुणी तिसराच असेल.

कायद्याने इथे विकणाऱ्याला सहजासहजी सोडलेले नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद एजंटाच्या हाती द्यायची पद्धत सर्रास आहे. पण नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मोटार वाहन कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणी आणली; नोंदणीकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर सूचना दिली की तेव्हापासूनची जबाबदारी त्या विक्रेत्याची. ही सूचना भरताना गृहस्थाने सोबत एक साधा कागद जोडावा: गाडीचे कोणते काम झाले, कोणते राहिले, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतो, गाडी कधी पाण्यात उभी होती का. खाली सही, तारीख, आणि एजंटाची पोच. भाव त्याने दहा-पंधरा हजारांनी उतरेल, आणि तो उतरवतानाही एजंट घासाघीस करेल.